माझ्या संगणकाचा कारभार कोणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं नियमित पाठबळ थांबवलं. त्याच्या बरंच आधीपासून माझ्या पडद्यावर सूचना येत होती की हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. माझ्या लॅपटॉपमधला इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. लॅपटॉप मात्र ठणठणीत होता. मी बंगळुरात जयनगरला राहते, कन्नडमधून मराठीत अनुवाद करते आणि प्रकाशकांसाठी मुद्रितं तपासते. या कामाला नवं यंत्र लागत नाही. वर्षभराची मुदतवाढ घेण्याची सोय होती, पण वर्षानंतर पुन्हा तोच प्रश्न दारात उभा राहिला असता. चालतं यंत्र कोणीतरी दूर बसून ठरवलेल्या तारखेपायी भंगारात काढायचं, हे मला मुळीच पटेना.

म्हणून मी एस. पी. रोडला गेले. बंगळुरात संगणकाचा कुठलाही सुटा भाग हवा असला की पाय सदर पत्रप्पा रोडकडेच वळतात. अरुंद गल्ल्या आणि एकाला एक चिकटलेली दुकानं. दुकानदाराने लॅपटॉप उघडला, जुनी हार्ड डिस्क पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, एसएसडी हाकिद्रे साकु, इन्नू ऐदु वर्ष ओडुत्ते." एसएसडी घाला, अजून पाच वर्षं पळेल. रॅमही वाढवून आठ जीबी केली. पैसे घेताना तो सहज म्हणाला की आता यावर लिनक्स टाका.

कुठलं लिनक्स, हे त्याने सांगितलं नाही. माझा गोंधळ सुरू झाला तो तिथूनच.

घरी येऊन शोधायला बसले तर नावांची रांगच लागली: उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च, ओपनसुसे, झोरिन, मांजारो. अशी शेकडो आहेत. एक जण ठामपणे सांगतो की नवख्याने मिंटच घ्यावं. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो की शिकायचंच असेल तर आर्चपासून सुरुवात करा. तिसऱ्याच्या मते फेडोराखेरीज सगळं जुनाट. प्रत्येकाची छायाचित्रं सुंदर, प्रत्येकाचा दावा सोपेपणाचा. वाचत गेले तसा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेला, कारण हे सगळे लोक नेमकं कशाची तुलना करताहेत तेच कळेना.

पहिली गाठ माझ्या भाच्याने सोडवली. तो व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. "मावशी, तू जे बघून निवडायला निघालीयेस ना, तो डेस्कटॉप आहे," तो म्हणाला. "खिडक्या कशा दिसतात, मेनू कुठे आहे, खालची पट्टी कशी आहे, एवढंच ते. केडीई नावाचा तोच डेस्कटॉप तुला फेडोरावर मिळेल आणि डेबियनवरही मिळेल. डिस्ट्रो त्याच्या आत असते."

मग आत काय असतं ते मी समजून घेतलं. लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ ला ज्याची घोषणा केली, तो लिनक्स म्हणजे केवळ कर्नल: यंत्राचे भाग आणि प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. त्याच्याभोवतीची बरीचशी हत्यारं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. हे हजारो तुकडे गोळा करायचे, एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं, इन्स्टॉल करण्याजोगं एकसंध रूप द्यायचं आणि पुढे वर्षानुवर्षं त्यातल्या त्रुटी दुरुस्त करून पाठवत राहायचं, हे काम करणारी मंडळी म्हणजे डिस्ट्रो. स्लॅकवेअर आणि डेबियन ही आजही चालू असलेली सगळ्यात जुनी दोन नावं, दोन्ही १९९३ ची.

'पुढे वर्षानुवर्षं' हे लक्षात आल्यावर माझा प्रश्न बदलला. एकदा इन्स्टॉल करून विसरून जायची ही वस्तू नव्हती. माझ्या यंत्रात उद्या काय बदलेल आणि कधी बदलेल, हे ठरवायचा अधिकार मी कोणाच्या तरी हाती सोपवणार होते. विंडोजच्या बाबतीत मला खुपलं ते नेमकं हेच होतं.

बंगळुरात राहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे या विषयातली माणसं प्रत्यक्ष भेटतात. फॉस युनायटेड ही मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणारी संस्था इथे नेमाने भेटी भरवते. अशा एका भेटीला मी गेले. बहुतेक मंडळी माझ्या निम्म्या वयाची. पण नवख्या बाईचा प्रश्न कोणी उडवून लावला नाही. आर्च वापरणारा एक मुलगा म्हणाला की त्याला प्रत्येक प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती लागते आणि काही बिघडलं तर दुरुस्त करायला त्याला आवडतं. शाळाशिक्षकांना शिकवणारी एक बाई उबुंटू वापरत होती, कारण तिच्या शाळांमध्ये तेच आहे आणि शंभर शिक्षकांना एकच पडदा दाखवता आला पाहिजे. प्रत्येकाच्या शिफारशीमागे त्याचं काम होतं. कामाचा तो भाग लोक सहसा सांगत नाहीत, नुसतं नाव सांगतात. म्हणून ऐकणारा गोंधळतो.

तिथेच एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला अतुल चिटणीसांबद्दल सांगितलं. बर्लिनमध्ये १९६२ साली जन्मलेला, बेळगावात वाढलेला आणि पुढे बंगळूरकर झालेला हा माणूस. १९८९ मध्ये त्यांनी सीआयएक्स हा बुलेटिन बोर्ड चालू केला होता, म्हणजे भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळण्याच्या सहा वर्षं आधी. १९९६ च्या सुमारास पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली जाऊ लागली, त्यामागे त्यांचा पुढाकार होता. त्या काळच्या टेलिफोनवरून एवढं मोठं सॉफ्टवेअर उतरवून घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मासिक घेतलं की सीडी मिळे आणि जी सीडीवर असेल तीच आपली डिस्ट्रो. २००१ मध्ये 'लिनक्स बँगलोर' ही परिषद सुरू झाली, २००५ पासून ती 'फॉस डॉट इन' झाली आणि देशभरातली मंडळी तिच्यासाठी या शहरात येत राहिली. चिटणीस ३ जून २०१३ ला गेले.

त्या गृहस्थांचं म्हणणं असं की तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आपल्यासाठी कोणीतरी जाणत्या माणसाने निवड केलेली असे आणि अडलं तर त्याच गटातल्या कोणाला तरी विचारता येई. आज निवड माझ्यावर आली आहे. म्हणजे जाणत्या माणसाचं ते काम, थोड्या प्रमाणात का होईना, मलाच करायला हवं होतं.

मी आधी माझा आठवडा कागदावर मांडला. दिवसभर मराठी आणि कन्नड टंकन. प्रकाशकांकडून येणाऱ्या वर्डच्या फाइली, त्यात बदल नोंदवून परत पाठवणं. पीडीएफवर खुणा. अधूनमधून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर. एक प्रिंटर, एक स्कॅनर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात यंत्राने कुठलाही नवा अवतार धारण करता कामा नये.

मग पेन ड्राइव्हवर एकेक डिस्ट्रो घेऊन, इन्स्टॉल न करता चालवून पाहिली. हे करता येतं हेच मला माहीत नव्हतं. फाइल उतरवून घ्यायची आणि ती वाटेत बदललेली नाही ना, हे पाहायला तिचा चेकसम काढायचा: ६४ आकडे-अक्षरांची एक ओळ. डिस्ट्रोने जाहीर केलेल्या ओळीशी ती तंतोतंत जुळली पाहिजे. मी दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून, मुद्रित तपासावं तशा वाचल्या. मग लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबायचं, पेन ड्राइव्ह निवडायचा, आणि काही मिनिटांत आख्खी प्रणाली समोर हजर होते. आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही.

मिंट, फेडोरा आणि डेबियन, तिन्हींवर मी तीच कामं केली. पहिली परीक्षा टंकनाची. दऱ्या, तऱ्हा, सुऱ्या हे शब्द लिहून पाहिले. इनस्क्रिप्ट या कळमांडणीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली, हलंत दिला, य किंवा ह दाबला, आणि अर्धचंद्री र जिथे हवा तिथे उमटला. कीबोर्डच्या यादीत खाली सरकले तर आणखी एक नाव दिसलं: मराठी, कगप. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. के. पी. राव यांनी कन्नडसाठी आखलेली उच्चारानुसारी कळमांडणी या परिषदेने उचलून धरली. इथे तीच मांडणी कन्नडलाही होती आणि मराठीलाही. इतकी वर्षं मी कन्नडसाठी एक आणि मराठीसाठी दुसरी मांडणी बोटांत वागवत होते. आता क दोन्हींकडे एकाच बोटाखाली येतो, लिपी तेवढी बदलते. ज्याने कोणी ही मांडणी मराठीसाठी तिथे आणून ठेवली, त्याचे माझ्यासारखीवर उपकार आहेत.

ही सोय तिन्ही डिस्ट्रोंवर सारखीच होती, कारण कळमांडण्यांचा तो संच सगळ्यांचा सामाईक आहे. लोहित हा देवनागरी फॉन्टही तसाच. २००४ मध्ये रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली आणला आणि पुढे सगळीकडे पोचला. लिबरऑफिस तेच, फायरफॉक्स तोच. म्हणजे माझ्या कामाचा मोठा भाग डिस्ट्रोवर अवलंबून नव्हताच. हे कळल्यावर निम्मी भीती गेली. कोणतीही प्रतिष्ठित डिस्ट्रो घेतली असती तरी माझा अनुवाद अडला नसता.

उरलेला भाग मात्र डिस्ट्रोगणिक बदलतो, आणि तो म्हणजे बदलाचा वेग. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि एका आवृत्तीला तेराएक महिने पाठबळ असतं. आर्चला आवृत्त्याच नाहीत, बदल अखंड येत राहतात. उबुंटूची दीर्घ पाठबळाची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. मिंट याच आवृत्तीवर उभं आहे. डेबियनची स्थिर आवृत्तीही साधारण दोन वर्षांनी येते: तीन वर्षं पूर्ण पाठबळ, मग दोन वर्षं दीर्घकालीन. या काळात दुरुस्त्या येतात, पण प्रोग्रॅमचं रूप बदलत नाही. वेग हा गुण किंवा दोष नाही. भाच्याला दर महिन्याला नवी हत्यारं लागतात, म्हणून तो फेडोरावर खूश आहे. मला पुस्तक संपेपर्यंत शांतता लागते.

दुसरा फरक मालकीचा. इथे मला मूल्यांचा विचार करावा लागला आणि तो मी आनंदाने केला. काही जुनी प्रकरणं वाचली. उबुंटूमागे मार्क शटलवर्थ यांची कॅनॉनिकल ही कंपनी आहे. २००४ मध्ये पहिली उबुंटू आली आणि त्यांनी जगभर फुकट सीड्या पाठवल्या. सामान्य माणसापर्यंत लिनक्स नेण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत, आपल्याच संगणकात फाइल शोधताना टाइप केलेले शब्द कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि ॲमेझॉनचा माल निकालात दिसे. ही सोय आधीपासूनच चालू ठेवलेली होती. खूप टीका झाली. २०१६ च्या आवृत्तीत ती मुळातच बंद ठेवण्यात आली. दुसरं प्रकरण सेंटओएसचं. ही डिस्ट्रो असंख्य सर्व्हरांवर विश्वासाने चालत होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत पाठबळ मिळणार होतं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते २०२१ च्या अखेरीसच संपेल. सेंटओएसमागची रेड हॅट तोवर आयबीएमच्या मालकीची झाली होती. ज्यांनी भरवसा ठेवून यंत्रं उभारली, त्यांना वर्षभरात दुसरी सोय पाहावी लागली. परवाना मुक्त होता म्हणून रॉकी आणि अल्मासारखे पर्याय उभे राहू शकले. तरी निर्णय घेताना वापरणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

याच्या उलट अनुभव डेबियनचा. पेन ड्राइव्हवरून डेबियन सुरू केली तेव्हा माझं वायफाय लगेच लागलं. भाच्याला नवल वाटलं, कारण त्याच्या आठवणीतली डेबियन असं करत नसे. यामागे एक मतदान आहे. वायफायच्या चिपांना बहुतेकदा कंपनीने दिलेलं, मूळ संहिता न दाखवणारं फर्मवेअर लागतं. डेबियनची १९९७ ची सामाजिक सनद मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरते, त्यामुळे असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे. नवख्यांचे हाल होत. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर उघड चर्चा केली, वेगवेगळे प्रस्ताव मांडले, मतं दिली, सनदेत दुरुस्ती केली आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये आलं. ज्यांना तत्त्वाची तडजोड नको होती त्यांचे युक्तिवादही नोंदवलेले आहेत, कोणीही वाचू शकतो. मी ते वाचले. काही मला पटलेही.

सहकारी सोसायटीत राहणाऱ्याला हा कारभार ओळखीचा वाटेल: नियमावली, सभा, ठराव, मतभेद आणि इतिवृत्त. डेबियनचा प्रमुख दरवर्षी निवडून येतो. केरळच्या श्रुती चंद्रन यांनी २०२० मध्ये ती निवडणूक लढवली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला भरली होती. ही दूर कुठेतरी चालणारी गोष्ट नाही, आपल्या शेजारची माणसं त्यात आहेत, याने मला मोठा धीर आला.

मी डेबियन घेतली, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. इन्स्टॉल करताना एका पडद्यावर तिने विचारलं: तुम्ही कोणते प्रोग्रॅम वापरता याची नावाविना आकडेवारी पाठवू का? आधीच निवडलेलं उत्तर 'नाही' होतं. मी त्या पडद्यावर बराच वेळ थांबले. मला विचारलं गेलं होतं आणि मी काही बोलले नसते तर ते 'नाही' धरलं गेलं असतं. मी 'हो' म्हटलं, कारण मराठीचे फॉन्ट आणि कीबोर्ड कोणी वापरतं हे त्यांना कळावं असं मला वाटलं. अशा रीतीने विचारल्यावर द्यायला बरं वाटतं.

या निवडीची किंमतही आहे. डेबियनमध्ये प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जुन्या असतात. ग्राफिकल सोयी मिंटइतक्या हाताशी नसतात. प्रकाशकांकडून आलेल्या गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी लिबरऑफिसमध्ये कधी हलते, ती पीडीएफशी ताडून पाहावी लागते. युनिकोडपूर्व मजकुरासाठी परिवर्तकावर अवलंबून राहावं लागतं आणि त्यानंतर ओळ न ओळ वाचावी लागते. हे सगळं स्वीकारूनच मी ठरवलं.

आणि माझं उत्तर सगळ्यांचं नाही. बेळगावला सासूबाईंच्या जुन्या संगणकावर आम्ही मिंट टाकलं. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, सगळं त्यांच्या सवयीच्या जागी. नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, वर्तमानपत्रं वाचणं आणि फोटो पाहणं एवढंच त्यांना लागतं. "अगं, हे तर पहिल्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या, आणि मला तेच हवं होतं. शेजारच्या काकू हिशेबाची कामं करतात. त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन विंडोजवर बसलेलं आहे. त्यांना मी आज लिनक्सचा आग्रह करणार नाही. आपलं मूल्य दुसऱ्याच्या पोटावर लादणं योग्य नाही. दुसरीकडे, याच शहरात गुरप्पनपाळ्याच्या सुदर्शन लेआऊटमधल्या वस्तीत आंबेडकर कम्युनिटी कंप्युटिंग सेंटर उभं राहिलं, ते मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांच्या साथीने आणि जुन्या संगणकांवर. शेजारच्या केरळात सरकारी शाळांमध्ये उबुंटूवर आधारलेली स्वतःची डिस्ट्रो वापरतात. जिथे परवान्याचे पैसे नाहीत तिथे फुकट मिळणं महत्त्वाचं. पण मुलांना आतलं उघडून पाहता येणं, आपल्या भाषेत बदलता येणं, हे त्याहून मोलाचं आहे.

माझ्यासारखी कोणी नावांच्या त्या रांगेपुढे उभी असेल, तर तिने आधी आपला आठवडा लिहून काढावा. पेन ड्राइव्हवर दोन-तीन डिस्ट्रो घेऊन आपलं रोजचं काम त्यांवर करून पाहावं. मग प्रत्येकीबद्दल तीन गोष्टी शोधाव्यात: बदल किती वेगाने येतात, निर्णय कोण घेतं, आणि अडल्यावर आपल्या गावात विचारायला कोण आहे. छायाचित्रं शेवटी पाहावीत.

मी त्यात चौथा प्रश्न घातला आहे: या कारभारात मला भाग घेता येईल का? डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो. त्यातली काही वाक्यं अडखळतात, वाचणाऱ्याला दोनदा वाचावी लागतात. ती दुरुस्त करायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. सुचवायचं, कारण द्यायचं, कोणीतरी तपासतं आणि पटलं तर पुढच्या आवृत्तीत ते सगळ्या मराठी माणसांपुढे जातं. मुद्रितं तपासणारीला याहून ओळखीचं काम नाही. अशा वाक्यांची यादी मी करायला घेतली आहे.